सुट्टी दिलेले पेशंट पुन्हा पुन्हा भरती होतात, काय करावं?

प्रश्न:
मी मेडिसिन वॉर्डात नर्स आहे. पन्नाशीतले एक काका, राहायला घर नाही. मधुमेह आणि पायाला सेल्युलायटिस, म्हणजे त्वचेचा जंतुसंसर्ग. ४ महिन्यांत तिसऱ्यांदा भरती झालेत. दर वेळी सलाईनमधून अँटिबायोटिक, सूज उतरली की सुट्टी. कागदावर मीच लिहिते : पाय उंच ठेवा, ड्रेसिंग भिजू देऊ नका, इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवा. या वेळी त्यांनी कागद वाचून विचारलं, "सिस्टर, पाय कशावर ठेवू?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही अशा वेळी काय करता?

उत्तर १:
ताई, इन्सुलिनचं आधी बघा. फ्रीज लागतो तो न उघडलेल्या साठ्याला. वापरातलं इन्सुलिनचं पेन उन्हापासून जपलं, ३० अंशांच्या आत राहिलं, तर बहुतेक प्रकार ४ आठवडे टिकतात. म्हणून एका वेळी एकच पेन द्या. जेवणाचा भरवसा नसेल तर इन्सुलिनने साखर एकदम उतरू शकते, तेव्हा डोस ठरण्याआधीच डॉक्टरांच्या कानावर घाला.

आणि 'पेशंट गोळ्या घेत नाही' असा शेरा मारण्याआधी कारण विचारा. हृदयाच्या एका पेशंटबाबत मी तो शेरा मारला होता. अंगात साठलेलं पाणी काढणारी लघवीची गोळी घेतली की तासाभरात दोनतीनदा जावं लागतं आणि जवळ संडास नाही, म्हणून ते ती टाळत होते. दम लागून परत आले तेव्हा कळलं. अजून सलतं ते.

उत्तर २:
मी रस्त्यावरच्या लोकांसोबत काम करते. रात्री उशाची पिशवी चोरीला जाते, त्यात फिटच्या गोळ्याही जातात. त्या अचानक बंद झाल्या की फिट येण्याचा धोका वाढतो. हरवल्या तर लगेच दुसऱ्या कुठून मिळतील, ते कागदावर लिहा.

उत्तर ३:
बॉस्टनमध्ये बार्बरा मॅकिनिस हाऊस आहे, एका नर्सच्याच नावाचं. भरती ठेवण्याइतके आजारी नाहीत, पण रस्त्यावर बरे होणार नाहीत, अशांना तिथे खाट मिळते, ड्रेसिंग होतं. अशी सोय जवळपास आहे का, हे सुट्टीच्या दिवशी नव्हे, भरतीच्या दिवशीच शोधायला घ्या.

मूळ प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे आभार. आज डॉक्टरांशी बोलले. सुट्टी ३ दिवस पुढे ढकलली आहे. नंतर दर मंगळवारी आणि शुक्रवारी काकांनी ड्रेसिंगला थेट वॉर्डात यायचं, रांग नाही. उद्या समाजसेवा विभागात जाऊन खाटेचं विचारते.