समेट, सलोखा की दिलजमाई?

सात रस्ता: रवांडावरच्या लेखाचा अनुवाद करतेय, 'रिकन्सिलिएशन' या एका शब्दावर अडलेय. 1994 मध्ये तिथं शंभरेक दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी जमातीची. मारणारे मुख्यतः हुतू जमातीचे, त्यांत शेजारीही होते. 2002 ते 2012 गावोगाव 'गचाचा' न्यायसभा चालल्या. गावासमोर कबुली द्यायची, प्रेत कुठं पुरलं ते सांगायचं, मग शिक्षा कमी. आणि पुन्हा त्याच गावात राहायचं. याला मी 'समेट' लिहिलं, संपादकांनी 'सलोखा' केलं. दोन्ही पटेनात.

भवानी पेठ: समेट नकोच. वडील यंत्रमागावर होते. मजुरीवरून समेट झाला की मालक थोडं सोडायचा, कामगार थोडं सोडायचे आणि रात्रपाळीला माग सुरू. जिची पोरं मारली तिनं काय सोडायचं?

कुंभारवेस: दिलजमाई लिहा. भावाभावांचं फाटलं की मामा मध्ये पडून एका पंगतीला बसवतो, तीच.

सात रस्ता: पण दिल जमलंय कुठं? ओळखपत्रावरचं हुतू-तुत्सी सरकारनं काढलं, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सगळ्यांना श्रमदानाला आणलं. शेजारी उभं राहून गटार उपसलं म्हणजे मन निवळलं असं होत नाही.

विजापूर वेस: दिल फारसी, जमा अरबी. आपला शब्द असताना उसना का? मनोमीलन.

भवानी पेठ: ते पुढाऱ्यांचं होतं, निवडणुकीआधी. आणि आमच्या घरात तेलुगू, गल्लीत कानडी, शाळेत मराठी. उसनं कुठलं आणि आपलं कुठलं, कसं ठरवणार?

विजापूर वेस: मग जुना घ्या. गोतसभेत, म्हणजे भाऊबंद-गावकऱ्यांच्या जुन्या न्यायसभेत, हरलेला 'येजितखत' लिहून द्यायचा, माझा दावा खोटा होता म्हणून. कबुली त्यात आहे, समेटात नाही.

कुंभारवेस: येजितखत आज कुणाला कळणार? गचाचा म्हणजे मुळात गवत, गवतावर बसून तंटा मिटवायची रीत. पारावरची सभा म्हणा, तंटामुक्ती म्हणा. 2007 पासून गावोगाव पाट्या आहेत.

सात रस्ता: बांधाचा वाद म्हणजे तंटा. कत्तलीला तंटा म्हणायला माझा हात धजत नाही. पारही नको. जुन्या गचाचात न्याय पुरुषच करायचे, नव्यात न्यायाधीश म्हणून बायका बसल्या.

कुंभारवेस: पारावर बायका नसायच्या हे कुणी सांगितलं? मोहोळकडं आमच्या आत्या बसायच्या.

भवानी पेठ: बसायच्या असतील. निवाड्यात बोलायच्या का, ते सांगा.