कमांड लाईन प्रोग्रामनं किती बोलावं?

टॉवेलवाला:
अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी सुताच्या स्टॉकचा पायथन प्रोग्राम लिहिलाय, त्याची सीएसव्ही (स्वल्पविरामानं तोडलेल्या रकान्यांचा मजकूर) पाईपनं, म्हणजे थेट, पुढच्या स्क्रिप्टला जाते. काल बेरजा चुकायला लागल्या, बघतो तर सीएसव्हीच्या पहिल्याच ओळीत 'फाईल उघडतोय...'! माझाच प्रिंट. म्हणून म्हणतो, प्रोग्रामनं गप बसावं, चुकलं तरच बोलावं. लॉगिंगच्या डिबग, इन्फो, वॉर्निंग, एरर, क्रिटिकल या पाच लेव्हल, बारीकसारीक माहितीपासून गंभीर चुकीपर्यंत एवढी उतरंड छोट्या कामाला कशाला?

सातरस्ता:
याच्यात लेव्हलचा काय दोष बे? बडबड तू स्टँडर्ड आउटपुटवर (निकाल जातो त्या वाटेवर) केलास, स्टँडर्ड एररवर (चुका-सूचनांच्या वेगळ्या वाटेवर) असती तर पाईपमध्ये गेलीच नसती. पायथनचं लॉगिंग बेसिक कॉन्फिगनं तिथंच लिहितं अन् न सांगता लेव्हल वॉर्निंगच असते, त्याच्या खालचं काही लिहितच नाही, म्हणजे तुला पायजे तसा गपच.

शेंगाचटणी:
गप प्रोग्रामचा ताप मला विचारा. आमच्या हिशोबनीस काकांनी तीन मिनिटं स्क्रीन कोरी बघितली, हँग झालं समजून कंट्रोल सी दाबलं, दोनदा! दोन्हीवेळा फाईल अर्धवट. माणसासाठी डिफॉल्टला इन्फोच पायजे.

टॉवेलवाला:
अन् तोच प्रोग्राम रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवतं ते) चालला की? मेल सेट असंल तर क्रॉन एकूणएक ओळ मेल करतं, स्टँडर्ड एररवरची पण. रोज मेल आली की आठ दिवसात माणूस उघडायचं सोडतो, मग खरा एरर आला तरी कोण बघणार?

सातरस्ता:
मग समोर टर्मिनल हाय का ते आयसॅटीटीवाय फंक्शननं तपास की, असंल तर 'इतक्या ओळी झाल्या' दाखव, नसंल तर गप. जास्त पायजे त्याला कमांडला जोडायचा डॅश व्ही (-v) पर्याय, दोनदा दिला की डिबग. दूरच्या मशीनवर जायच्या एसएसएच कमांडला पण तीन व्हीपर्यंत चालतंय, पायथनच्या आर्गपार्समध्ये (असे पर्याय वाचतं ते) काउंट लावलं की झालं. अन् डिबग फाईलमध्ये कायम लिही, पण लॉगरची (सगळे संदेश आधी घेतो तो) लेव्हल डिबग ठेव अन् स्क्रीनच्या हँडलरला (संदेश कुठं लिहायचा ते बघतो तो) वॉर्निंग. मी उलटं केलतो, लॉगर वॉर्निंगवर अन् फाईल हँडलर डिबगवर, आठवडाभर फाईल रिकामी! रोटेटिंग हँडलरला (फाईल भरली की नवी सुरू करतो तो) बॅकअप काउंट, म्हणजे जुन्या किती फायली ठेवायच्या ते पण दे, शून्य राहिला तर मॅक्स बाइट्स (फाईलची कमाल साईज) देऊन पण फाईल फुगतच जाते.

टॉवेलवाला:
टर्मिनलचं पटलं, आज रात्री करतो. पाच लेव्हल मात्र अजून पटलं नाही, क्रिटिकल मी जन्मात एकदा पण लिहिलेलं नाही.

शेंगाचटणी:
तुझा प्रोग्राम तिथवर टिकतोय कुठं, एररलाच मरतोय की.