मदत हवी आहे: साइटवरच्या जाहिरातींचा क्लिक रेट निम्म्याखाली गेलाय

सायकलवेडा
नमस्कार मंडळी. तीन महिने झाले, जाहिरातींचा सीटीआर (शंभर वेळा जाहिरात लागली तर क्लिक किती) नुसता घसरतोय, ०.८ टक्के होता तो ०.३६ वर आलाय. मी काहीही बदललेलं नाही, लेख तेच आहेत, वाचक तर उलट वाढलेत. रंग बदलून बघितले, जागा बदलून बघितल्या, ढिम्म फरक नाही. रोज उठल्या उठल्या आधी तो आकडा बघतो आणि मग दिवसभर डोक्यात तेच. कोणी यातून गेलं असेल तर नेमकं काय करायचं ते सांगा, आणि थिअरी नको प्लीज.

उद्योगी
जाहिरातीचं चित्र आणि मथळा दर दोन-तीन आठवड्यांनी बदलायलाच हवा, तेच तेच बघून लोक कंटाळतात. दोन मथळे एकाच वेळी चालवा, जो जास्त चालेल तो ठेवा. मी एवढंच केलं आणि माझा रेट सावरला.

निळी शाई
उद्योगी, थांबा जरा. सायकलवेडा, तुम्ही जाहिरात देताय की तुमच्या साइटवर दुसऱ्यांच्या लागतात? दोन्हींची औषधं वेगळी.

सायकलवेडा
माझ्या साइटवर लागतात हो. सायकल दुरुस्तीची साइट आहे. लिहायचं राहिलं, वाटलं कळेलच.

निळी शाई
नाही कळलं. आता इम्प्रेशन (जाहिरात किती वेळा लोड झाली) किती, क्लिक किती, आधीचे आणि आत्ताचे दोन्ही टाका. मोबाइलवाले किती ते पण. नुसत्या टक्क्यावरून काय सांगणार.

भटक्या
मित्रमंडळींना सांगा ना रोज एकदोन क्लिक मारायला, आठवड्यात रेट वर येईल.

रात्रपाळी
भटक्या यांचा सल्ला कृपया कोणीही पाळू नका, कळकळीने सांगतोय. अशा क्लिकना अवैध क्लिक म्हणतात, पैसे परत कापले जातात आणि खातं कायमचं बंद होऊ शकतं. स्वतःच्या जाहिरातीवर स्वतः क्लिक करणं किंवा वाचकांना 'क्लिक करा' म्हणणंसुद्धा नियमात बसत नाही. माझ्या एका सहकाऱ्याचं कित्येक वर्षांचं खातं असंच गेलं, घरच्यांनी प्रेमापोटी केलेल्या क्लिकमुळे.

जुना खेळाडू
अवांतर: १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये हॉटवायर्ड या वेबसाइटवर पहिल्या बॅनर जाहिराती लागल्या, त्यातल्या एकीवर शंभरातल्या ४४ जणांनी क्लिक केलं होतं असं सांगतात. तेव्हा ती नवलाई होती. पुढे १९९८ मध्ये बेनवे आणि लेन या दोघांनी प्रयोग करून दाखवलं की बॅनरसारखं दिसणारं काहीही लोक बघतच नाहीत, अगदी त्यांना हवी ती माहिती त्यातच असली तरी. 'बॅनर ब्लाइंडनेस' हा शब्द तिथून आला. तेव्हा रंग बदलून काय होणार?

सायकलवेडा
आकडे घ्या. तीन महिन्यांपूर्वी महिन्याला ४०,००० इम्प्रेशन, ३२० क्लिक. मागच्या महिन्यात ९२,००० इम्प्रेशन, ३३१ क्लिक. मोबाइल साधारण ८० टक्के.

निळी शाई
अहो मग क्लिक कुठे कमी झालेत? उलट ११ वाढलेत. भागिले ज्याने करता तो आकडा दुपटीच्या वर गेलाय, म्हणून टक्का पडला. वाचक पण दुप्पट झाले का?

सायकलवेडा
नाही, दुप्पट कुठले, थोडेसेच वाढलेत.

निळी शाई
मग पानावर जाहिराती वाढल्यात. थीम बदललीत का? ऑटो अ‍ॅड्स चालू केलेत, म्हणजे जाहिराती कुठे लावायच्या ते यंत्रणेनेच ठरवायचं?

सायकलवेडा
थीम बदलली हो, पण ती फक्त दिसायला, मजकूर तोच आहे. ऑटो अ‍ॅड्सचं एक बटण होतं ते त्याच वेळी चालू केलं होतं. हे 'बदल' म्हणून डोक्यातच आलं नाही.

शब्दसेवक
तुम्ही एसइओकडे, म्हणजे सर्चमध्ये साइट वर येण्याकडे लक्ष द्या. लेख किमान दीड हजार शब्दांचा हवा, आतल्या लिंका हव्यात. ट्रॅफिक आलं की बाकी सगळं आपोआप येतं.

रात्रपाळी
शब्दसेवक, ट्रॅफिक त्यांच्याकडे आहे, प्रश्न वेगळा आहे.
सायकलवेडा, मी आत्ता तुमचं साखळी जोडण्याचं पान फोनवर उघडलं (लिंक तुमच्या प्रोफाइलमध्ये आहे). जुन्या थीममध्ये जी उजवीकडची पट्टी असणार ती मोबाइलवर पार तळाला गेलीय, कॉमेंट्सच्याही खाली, आणि तिथे दोन ३०० बाय २५० पिक्सेलच्या जाहिराती आहेत. पान उघडलं की त्या लोड होतात, इम्प्रेशन धरलं जातं, पण तिथवर जातंय कोण? दुसरं म्हणजे तिसरी पायरी 'पिन अर्धी बाहेर ढकला' आणि चौथीचा फोटो यांच्या मधोमध एक जाहिरात घुसलीय. ती उशिरा येते आणि मजकूर धाडकन खाली जातो. तुमचा वाचक सायकल उलटी ठेवून, ग्रीसने माखलेल्या बोटाने स्क्रोल करतोय, त्याची पिन अर्धवट निघालीय. तो कसली जाहिरात बघतोय! चुकून बोट लागलं तर लगेच मागे येईल, आणि तसा क्लिक जाहिरातदाराच्या काही कामाचा नाही.

उद्योगी
मग खाली चिकटून राहणारी मोठी जाहिरात लावा, बघावीच लागते. किंवा पॉपअप. माझ्या दुसऱ्या साइटवर पॉपअपने क्लिक तिप्पट झाले.

निळी शाई
उद्योगी, हे मात्र पटत नाही. पॉपअप आणि पडद्याचा ३० टक्क्यांहून जास्त भाग अडवणारी चिकट जाहिरात, दोन्ही 'कोअलिशन फॉर बेटर अ‍ॅड्स' या जाहिरात उद्योगाच्या गटाच्या नकोशा यादीत आहेत. वारंवार अशा जाहिराती लावणाऱ्या साइटवरच्या सगळ्याच जाहिराती क्रोम २०१८ पासून अडवतो. खालची छोटी पट्टी चालेल, बंद करता येणारी.

उद्योगी
माझ्या कधी अडवल्या नाहीत. नियम सांगणं सोपं असतं, साइटचा खर्च कुठून काढायचा?

भटक्या
म्हणूनच मी अ‍ॅडब्लॉकर लावतो.

निळी शाई
तुम्ही आधी मित्रांकडून क्लिक मारून घेत होता ना?

रात्रपाळी
भांडू नका हो, माणूस अडलाय. सायकलवेडा, क्रमाने करा. ऑटो अ‍ॅड्स बंद. तळाच्या दोन जाहिराती मोबाइलवर काढा, नाहीतर निदान लेझी लोड करा म्हणजे वाचक जवळ आल्यावरच लोड होतील. पायऱ्यांच्या मधली उचला आणि शेवटच्या पायरीनंतर ठेवा, तिथे काम संपलेलं असतं, माणूस जरा इकडेतिकडे बघतो. जाहिरातीच्या डब्याला सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणारा कोड) मिन-हाइट, म्हणजे किमान उंची द्या म्हणजे मजकूर उडी मारणार नाही. आणि रिपोर्टमध्ये व्ह्यूएबिलिटीचा रकाना उघडा: जाहिरातीचा निम्मा भाग किमान एक सेकंद पडद्यावर राहिला तरच ती दिसली असं धरतात. तो आकडा सीटीआरच्या आधी बघा. अ‍ॅडसेन्स (गूगलची जाहिरात सेवा) असेल तर २०२४ पासून पैसे मुळात क्लिकवर नाही, इम्प्रेशनवर मिळतात, तेव्हा नुसत्या सीटीआरमागे धावून उपयोग नाही.

उद्योगी
शेवटच्या पायरीपर्यंत निम्मे लोक पोचतच नाहीत. पहिल्या फोटोखाली ठेवा.

रात्रपाळी
कमी पोचतील, मान्य. पण पोचतील ते बघतील. एका पानावर दोन्ही करून बघता येईल.

सायकलवेडा
रात्रपाळी, खरंच मनापासून आभार. व्ह्यूएबिलिटी बघितली: तळाच्या दोन्ही ९ टक्के, पायऱ्यांमधली ३१, शीर्षकाखालची ६४. पायऱ्यांमधली आत्ताच काढली, पैसे गेले तरी चालतील. ही साइट मी अडलेल्या माणसासाठी काढली होती आणि पिन हातात असताना त्याचा मजकूर हलतोय हे वाचून वाईट वाटलं. मिन-हाइट किती देऊ, २५० की जास्त?

रात्रपाळी
त्या जागी जी सगळ्यात उंच जाहिरात येते तेवढी. ३०० बाय २५० असेल तर २५०. पण रिस्पॉन्सिव्ह युनिट (जागेप्रमाणे आकार बदलणारी जाहिरात) आहे का? त्यात २८० पण येते.

सायकलवेडा
ते कुठे बघायचं?

भटक्या
धागा चालूच आहे तर विचारतो, माझ्या सायकलची साखळी चढावर सटकते. नवीन घ्यावी का?

सायकलवेडा
आधी मोजा. पट्टीचा शून्य एका पिनच्या मधोमध ठेवा आणि २४ कड्या पुढची पिन बघा. ती बरोबर ३०४.८ मिलिमीटरवर हवी. दीड मिलिमीटरने पुढे गेली असेल तर साखळी लगेच बदला, उशीर केलात तर मागची दातेरी चाकंपण झिजतात. तेवढी लांबली नसेल तर एखादी कडी आखडलीय का बघा, पेडल हळूहळू उलटं फिरवून. मोजून आकडा इथेच टाका.