मंजुरीनंतरचं काय?

‘कोकणातली कॉलेजं संशोधनाचे प्रस्तावच पाठवत नाहीत, मग निधी कुठून येणार?’ असं इथे कुणी म्हटलंय, तो मुद्दा अर्धाच पटला. पाठवणारे पाठवतात हो. खरी रखडपट्टी मंजुरीनंतर सुरू होते.

आमच्या रत्नागिरीकडच्या कॉम्प्युटर विभागात प्रकल्पातून जीपीयू सर्व्हर, म्हणजे एआयची जड गणितं करणारं यंत्र, आला. इथे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही आणि खाऱ्या, दमट हवेने पोर्टांवर हिरवट गंज चढतो. एसी चोवीस तास हवा, यूपीएसला चांगल्या बॅटऱ्या हव्यात. मंजूर रकमेत यंत्राची किंमत होती, ते चालवायच्या खर्चाला छदामही नव्हता.

त्याहून वाईट हाल संशोधक पोरांचे. जेआरएफची, म्हणजे पीएचडी करणाऱ्यांच्या शिष्यवृत्तीची, रक्कम २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली, चांगलंच झालं. पण कॉलेजकडून उपयोगिता प्रमाणपत्रं (आधीचे पैसे कुठे खर्च झाले याचा दाखला) वेळेत गेली नाहीत की पुढचा हप्ता अडकतो. तोवर प्रकल्पावरच्या मुलीने खोलीचं भाडं कशातून भरायचं? कंटाळून ती पुण्याच्या कंपनीत गेली की प्रकल्प तिथेच बसला.

संशोधनाला निधी देणाऱ्या केंद्राच्या ‘सर्ब’ची जागा घेतलेल्या एएनआरएफ या संस्थेने ‘पेअर’ योजना आणली आहे, त्यात नामवंत संस्थेला इतर विद्यापीठं जोडली जातात. लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाने अशा योजनांत कोकणासाठी जोर लावावा असं मनापासून वाटतं. आणि जीपीयू विकत घेण्यापेक्षा केंद्राच्या इंडियाएआय मिशनमधून सवलतीत तासांवर घ्यावेत.

पेअरमध्ये कुणी असेल तर ओव्हरहेडचे (संस्थेच्या वरखर्चाचे) पैसे विभागापर्यंत पोचतात का, तेवढं जरूर लिहा.