महाराष्ट्राच्या राज्यपालांचा तक्ता: सुरुवात कुठून धरायची, आणि कोल्हापूरचा रकाना कसा भरायचा?

राजारामपुरी_अभ्यासिका

अभ्यासिकेच्या भिंतीसाठी सहा बाय तीन फुटांचा फ्लेक्स करायचा आहे, विषय महाराष्ट्राचे राज्यपाल. मुलं एमपीएससीची तयारी करतात, त्यामुळे तक्त्यातली प्रत्येक तारीख कुणीतरी पाठ करणार. तीन ठिकाणच्या याद्या समोर ठेवल्या आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत.

सी. पी. राधाकृष्णन एका यादीत २१वे, दुसरीत २४वे. श्रीप्रकाश यांची सुरुवात कुठे १९५६, कुठे १९६०. रमेश बैस यांच्या नावापुढे फेब्रुवारी २०२३ च्याच दोन वेगवेगळ्या तारखा. मध्येच उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींची नावं येतात, ती काही याद्यांत अजिबात नाहीत. शिवाय आपल्या मुलांसाठी कोल्हापूरचा एक वेगळा रकाना हवा आहे. त्यात लॉर्ड हॅरिस, विल्सन, आयर्विन अशी नावं कुणीतरी सुचवली आहेत. ती घ्यावीत का? फ्लेक्स छापायला द्यायच्या आधी नियम पक्का करायचा आहे.

दप्तरदार

तुमच्या तिन्ही याद्या आपापल्या जागी बरोबर असू शकतात. फरक मोजणीच्या नियमाचा आहे आणि तो नियम कुणीच यादीवर लिहीत नाही.

महाराष्ट्र राज्य १ मे १९६० ला झालं. तिथून धरलं तर पहिले राज्यपाल श्रीप्रकाश. पुढे पी. सुब्बरायन, विजयालक्ष्मी पंडित, पी. व्ही. चेरियन, अली यावर जंग, सादिक अली, ओ. पी. मेहरा, आय. एच. लतीफ, कोना प्रभाकर राव, शंकरदयाळ शर्मा, कासू ब्रह्मानंद रेड्डी, सी. सुब्रमण्यम, पी. सी. अलेक्झांडर, महंमद फझल, एस. एम. कृष्णा, एस. सी. जमीर, के. शंकरनारायणन, सी. विद्यासागर राव, भगतसिंह कोश्यारी, रमेश बैस, सी. पी. राधाकृष्णन. मोजून बघा, राधाकृष्णन २१वे येतात.

२४ हा आकडा मुंबई राज्यापासून मोजल्यावर येतो. राजा महाराज सिंह (जानेवारी १९४८ पासून), गिरिजाशंकर बाजपेयी (१९५२) आणि हरेकृष्ण महताब (१९५५) हे तिघं श्रीप्रकाशांच्या आधी येतात. २१ अधिक ३, झाले २४. महाराज सिंहांच्या आधीचे जॉन कॉलव्हिल १५ ऑगस्ट १९४७ नंतरही जानेवारी १९४८ पर्यंत गव्हर्नर होते. त्यांना धरलं की आकडा आणखी एकाने सरकतो.

श्रीप्रकाशांचंही तेच. १० डिसेंबर १९५६ ला ते द्विभाषिक मुंबई राज्याचे राज्यपाल झाले. १ मे १९६० ला राज्याचे दोन भाग झाले, गुजरातला मेहदी नवाज जंग गेले आणि श्रीप्रकाश इथेच राहिले, एप्रिल १९६२ पर्यंत. तक्त्याचं शीर्षक "महाराष्ट्राचे राज्यपाल" असेल तर त्यांच्यापुढे १ मे १९६० लिहा आणि कंसात "मुंबई राज्य: १० डिसेंबर १९५६ पासून" असं टाका. नुसतं १९५६ लिहिलंत तर महाराष्ट्र १९५६ ला झाला असं मुलांच्या डोक्यात बसेल, आणि ते पुसायला फार वेळ जातो.

माझं मत: आकड्याचा रकानाच "महाराष्ट्र क्रमांक" या नावाने करा. मुंबई राज्याच्या तिघांची नावं वर फिकट रंगात, क्रमांक न देता छापा. राजा महाराज सिंहांचं नाव कापू नका. मुंबईचे ते पहिले भारतीय राज्यपाल, आणि १९५० मध्ये वयाच्या ७२व्या वर्षी ते प्रथम श्रेणीचा क्रिकेट सामना खेळले, तेही पदावर असताना. असं नाव मुलांच्या लक्षात राहतं.

घटना_वाचक

तारखांचा घोळ कलम १५५ आणि १५९ एकत्र वाचलं की सुटतो. राष्ट्रपती आपल्या सहीशिक्क्याच्या अधिपत्राने नेमणूक करतात, ते १५५. पण पद हातात येतं शपथेनंतर, आणि ती शपथ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींसमोर घ्यायची, ते नसतील तर उपलब्ध असलेल्या सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीशांसमोर. ते १५९.

बैस यांची नेमणूक १२ फेब्रुवारी २०२३ ला जाहीर झाली, शपथ १८ फेब्रुवारीला. कोश्यारींची नेमणूक १ सप्टेंबर २०१९, शपथ ५ सप्टेंबर. तक्त्यात शपथेचीच तारीख घ्या, सगळ्यांची. एकाची नेमणुकीची आणि दुसऱ्याची शपथेची घेतली की दोन कारकिर्दी एकमेकींवर चढतात, किंवा मध्ये खोटी फट पडते.

कारकीर्द संपण्याची तारीख काढताना "पाच वर्षं मिळवा" ही पद्धत वापरू नका. कलम १५६ मध्ये पाच वर्षं लिहिली आहेत खरी, पण राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच ते पद असतं. आणि मुदत संपली तरी नवा माणूस येईपर्यंत जुनाच काम बघतो. विद्यासागर राव यांनी ३० ऑगस्ट २०१४ ला सूत्रं घेतली. त्यांची पाच वर्षं ऑगस्ट २०१९ च्या अखेरीस भरली, पण कोश्यारींच्या शपथेपर्यंत राज्यपाल तेच. उलट बाजूने, शंकरनारायणन यांची ऑगस्ट २०१४ मध्ये मिझोरामला बदली झाली आणि त्यांनी तिकडे जाण्याऐवजी राजीनामा दिला.

आता न्यायमूर्तींची नावं. राज्यपालांचं पद अचानक रिकामं झालं तर कलम १६० खाली राष्ट्रपती तात्पुरती व्यवस्था करतात, आणि मुंबईत बहुतेक वेळा ती मुख्य न्यायमूर्तींकडे गेली आहे. सर्वांत ठळक उदाहरण १९५६ चं. महताब ऑक्टोबरमध्ये ओडिशाला मुख्यमंत्री म्हणून गेले, श्रीप्रकाश डिसेंबरमध्ये आले. मधल्या काळात मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला कार्यवाहक राज्यपाल होते. १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक राज्य सुरू झालं ते याच काळात, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले तेही याच काळात. म्हणजे राज्याच्या इतिहासातल्या इतक्या मोठ्या दिवशी नियमित राज्यपाल नव्हते.

कार्यवाहकांना क्रमांक देऊ नका, पण त्यांच्यासाठी राखाडी पट्टी जरूर ठेवा. पट्टी नसेल तर फट दिसते आणि वाचणाऱ्याला वाटतं छपाईत नाव गळलं. पदावर असताना मृत्यू झाला की अशी फट हमखास पडते: सुब्बरायन (ऑक्टोबर १९६२), चेरियन (नोव्हेंबर १९६९), अली यावर जंग (डिसेंबर १९७६). मुंबई राज्यात बाजपेयीही पदावर असतानाच डिसेंबर १९५४ मध्ये गेले.

कार्यवाहक आणि अतिरिक्त कार्यभार या दोन गोष्टी मात्र वेगळ्या ठेवा. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीपासून एकच माणूस दोन राज्यांचा पूर्ण राज्यपाल असू शकतो. विद्यासागर राव २०१६-१७ मध्ये तमिळनाडूही सांभाळत होते, कोश्यारींकडे काही काळ गोवा होता. सप्टेंबर २०२५ मध्ये राधाकृष्णन उपराष्ट्रपती झाले आणि गुजरातचे आचार्य देवव्रत यांनी महाराष्ट्राची शपथ घेतली, तोही अतिरिक्त कार्यभार. त्यांना राखाडी पट्टीत टाकू नका.

राजारामपुरी_अभ्यासिका

दोघांचेही आभार. शपथेची तारीख, महाराष्ट्र क्रमांक आणि राखाडी पट्टी, हे तिन्ही ठरलं. कोल्हापूरच्या रकान्याबद्दल कुणी सांगेल का? ब्रिटिश काळापासून सुरू करावा असा आग्रह आहे.

करवीर_नोंदी

ब्रिटिश काळ घ्या, पण त्यावर "राज्यपाल" असा मथळा देऊ नका. कोल्हापूर संस्थान होतं, मुंबई इलाख्याचा जिल्हा नव्हता. मुंबईच्या गव्हर्नरची सत्ता इथे पोलिटिकल एजंटच्या मार्फत चालायची. गादीवर छत्रपती, दरबारच्या डोक्यावर एजंट, आणि एजंटचा वरिष्ठ मुंबईत. शाहू महाराजांना २ एप्रिल १८९४ ला राज्याधिकार मिळाले तेव्हा गव्हर्नर लॉर्ड हॅरिस समारंभाला हजर होते ते या नात्याने. म्हणून हॅरिस हे नाव घेता येईल.

१९३३ मध्ये दख्खन संस्थानांची वेगळी एजन्सी झाली, कोल्हापूरला रेसिडेंट आला आणि संस्थानाचा संबंध थेट हिंदुस्थान सरकारशी जोडला गेला. म्हणजे १९३३ नंतरचे ब्रेबोर्न, लम्ली, कॉलव्हिल हे गव्हर्नर कोल्हापूरच्या रकान्यात बसतच नाहीत. हा टप्पा जवळजवळ सगळ्या याद्यांतून सुटलेला असतो.

लेस्ली विल्सन (१९२३ ते १९२८) घ्या. त्यांचा पुतळा आजच्या शिवाजी चौकात होता. स्वातंत्र्यचळवळीत लोकांनी तो फोडला आणि त्याच जागी पुढे छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. मुलं रोज त्या चौकातून जातात, त्यांना हे कळायला हवं. मात्र मुंबईच्या विल्सन कॉलेजशी यांचा काही संबंध नाही, ते नाव मिशनरी जॉन विल्सन यांचं.

आयर्विन काढून टाका. ते व्हाइसरॉय होते, मुंबईचे गव्हर्नर नव्हेत. सांगलीचा आयर्विन पूल रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे ही चूक आपल्या भागात फार होते.

खरा रकाना १ मार्च १९४९ पासून सुरू होतो. त्या दिवशी कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झालं. कोल्हापूरचे पहिले राज्यपाल म्हणून राजा महाराज सिंह लिहा. इथे श्रीप्रकाश लिहिले तर अकरा वर्षं गळतात.

त्यापुढे दोन नोंदी माझ्या दृष्टीने सोडण्यासारख्या नाहीत. पहिली शिवाजी विद्यापीठ. उद्घाटन १८ नोव्हेंबर १९६२ ला राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते झालं. राज्यपाल हे विद्यापीठाचे पदसिद्ध कुलपती, पण सुब्बरायन ऑक्टोबरमध्ये वारले होते आणि विजयालक्ष्मी पंडित २८ नोव्हेंबरला आल्या. विद्यापीठाचा पहिला दिवस नेमका त्या फटीत पडला. "शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा राज्यपाल कोण" असा प्रश्न सराव चाचणीत घालून पंडित हे उत्तर देऊ नका, ते चूक आहे. अजून एक: ते राधाकृष्णन म्हणजे सर्वपल्ली. तक्त्यात सी. पी. राधाकृष्णनही असल्यामुळे पूर्ण नाव छापा.

कुलपतीपद शोभेचं नाही हेही मुलांना सांगा. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानुसार शोध समिती नावं सुचवते आणि त्यातून कुलगुरू निवडतात ते कुलपती.

दुसरी नोंद मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापुरातलं सर्किट बेंच. १ ऑगस्ट २०२५ ची अधिसूचना मुख्य न्यायमूर्तींची, कामकाज १८ ऑगस्टपासून, आणि हद्दीत कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे. राज्यपालांचा संबंध असा: राज्य पुनर्रचना कायदा १९५६ चं कलम ५१(३) सांगतं की मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मान्यतेने इतर ठिकाणी न्यायाधीश बसवू शकतात. त्या वेळी राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन. वकिलांनी इतकी वर्षं लढा दिला, खंडपीठासाठी रस्त्यावर उतरले, त्या मागणीला ज्या कलमाने वाट मिळाली तो आकडा भिंतीवर असायलाच हवा.

पेठ_वाचनालय

परीक्षेत फिरून फिरून येणाऱ्या गोष्टी शेऱ्याच्या रकान्यात टाका. एकमेव महिला राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित, ऑक्टोबर १९६४ मध्ये फुलपूरच्या पोटनिवडणुकीसाठी पद सोडलं. सर्वांत मोठी कारकीर्द अलेक्झांडर, जानेवारी १९९३ ते जुलै २००२. सर्वांत लहान सुब्बरायन, सहा महिनेही नाहीत. मेहरा आणि लतीफ दोघंही माजी हवाई दलप्रमुख, आणि लागोपाठ आले म्हणून मुलं त्यांची अदलाबदल करतात. शंकरदयाळ शर्मा इथून १९८७ ला उपराष्ट्रपती, १९९२ ला राष्ट्रपती.

राष्ट्रपती राजवट तीनदा: १९८० (सादिक अली), २०१४ (विद्यासागर राव), नोव्हेंबर २०१९ (कोश्यारी). कोश्यारींच्या पुढे ११ मे २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही लिहा. जून २०२२ मध्ये बहुमत चाचणी बोलावण्याइतका आधार राज्यपालांकडे नव्हता, असं घटनापीठाने म्हटलं आहे.

घटना_वाचक

शेऱ्यात कलमं टाकणार असाल तर ३७१(२) आणि १७१(५) विसरू नका. पहिलं महाराष्ट्र आणि गुजरातपुरतंच आहे. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्या विकास मंडळांची विशेष जबाबदारी त्याने राज्यपालांवर येते, आणि कोल्हापूर "उर्वरित" मध्ये मोडतं. मंडळं १९९४ मध्ये, अलेक्झांडर यांच्या काळात झाली आणि त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली.

दुसरं राज्यपालनियुक्त बारा आमदारांचं. साहित्य, विज्ञान, कला, सहकार चळवळ आणि समाजसेवा अशी पाच क्षेत्रं. राज्यसभेच्या नियुक्त सदस्यांच्या यादीत सहकार नाही, फरक तेवढाच, आणि प्रश्न नेमका त्यावरच येतो. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यातल्या मुलांनी तरी तो चुकवू नये.

दप्तरदार

छपाईबद्दल एवढंच. शेवटची ओळ फ्लेक्सवर छापूच नका. सध्याच्या राज्यपालांची ओळ आणि खाली दोन रिकाम्या ओळी पांढऱ्या ठेवा, वर स्टिकर लावता येतील अशा. पदावरच्या माणसाची "आजपर्यंत" अशी नोंद छापली की वर्षभरात तक्ता खोटा ठरतो. कोपऱ्यात "नोंदी अमुक तारखेपर्यंत" असं लिहा. आणि ताजी तारीख तपासताना राजभवन या शब्दाने काही सापडलं नाही तर लोकभवन टाकून बघा, २०२५ च्या अखेरीस नाव बदललं आहे.