एमजीबीच्या थकलेल्या इंजिनाचं पूर्ण काम करावं, की दुसरं इंजिन बसवावं?

गॅरेजवासी
गाडी १९६७ ची एमजीबी रोडस्टर (एमजीची उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार), १७९८ सीसी. इंजिन चालू आहे, पण जीव राहिलेला नाही. ऑइल तापलं की आयडलला प्रेशर पाच पीएसआयच्या खाली, चालताना तीसच्या वर सरकत नाही. मॅन्युअल चालताना ५० ते ८० मागतं. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब, पीएसआयमध्ये) घेतलं: १४५, १४०, ९५, १३५. तिसऱ्या सिलिंडरमध्ये थोडं ऑइल टाकून परत घेतलं तर ९५ चे १३० झाले, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्यात. शिवाय उतारावर पाय काढून पुन्हा ॲक्सिलरेटर दिला की मागे निळा धूर.

माझं मत: मूळ इंजिन उतरवायचं आणि पूर्ण काम करायचं. ओळखीतले निम्मे लोक मात्र म्हणतात, कशाला, माझदाच्या एमएक्स-५ या नव्या जमान्यातल्या स्पोर्ट्स कारचं इंजिन टाक आणि मोकळा हो. दोन्हीकडची मतं हवी आहेत. फक्त "मन म्हणेल ते करा" नको.

सोळा व्हॉल्व्ह
मग मी वाईटपणा घेतो. बी-सिरीज, म्हणजे एमजीबीचं मूळ इंजिन, स्पोर्ट्स कारसाठी जन्मलंच नाही. त्याची मुळं चाळीसच्या दशकातल्या ऑस्टिनमध्ये, आणि त्याने आयुष्यभर फॅमिली गाड्या आणि व्हॅन ओढल्या. हेड बघा: चार सिलिंडर, पण हवा आत यायला वाटा दोनच, जोडीजोडीने वाटून घेतलेल्या. मग १.८ लिटरमधून ९५ हॉर्सपॉवरच्या आसपासच निघणार. एमएक्स-५ चं १.८ तेवढ्याच आकारात १३० च्या घरात देतं, पहाटे थंडीत एका सेल्फला सुरू होतं आणि ऑइल खात नाही.

आणि "मूळ इंजिन पवित्र" म्हणणाऱ्यांनी एमजीचा ॲबिंग्डनचा कारखाना आठवावा. त्यांनीच १९७३ ते ७६ मध्ये याच बॉडीत रोव्हरचं ३५२८ सीसी व्ही-८ बसवून २५९१ जीटी (पक्क्या छपराच्या एमजीबी) विकल्या. त्यांना चाललं ते आपल्याला का चालू नये?

मूळपुरुष
सपशेल असहमत. कारखान्याने इंजिन बदललं तेव्हा कूलिंग, गिअरिंग, माउंटिंग सगळ्याचा विचार करून वेगळं मॉडेल काढलं. आपण करतो तो एका गाडीपुरता जुगाड, आणि पुढच्या मालकाला त्याचं वायरिंग कोण समजावणार?

जुन्या वाहनांची जागतिक संघटना फिवा ऐतिहासिक वाहन कशाला म्हणते? किमान ३० वर्षं जुनं आणि ऐतिहासिकदृष्ट्या योग्य अवस्थेत जपलेलं. इंजिन गेलं की त्यातलं दुसरं कलम गेलं.

शिवाय हॉर्सपॉवरचा हिशेब इथे गैरलागू आहे. ८०.२६ मिमी बोअर, ८८.९ मिमी स्ट्रोक. लांब स्ट्रोकचं इंजिन आहे, ताकद ३००० आरपीएमलाच हाताशी येते. ही गाडी टॉपमध्ये टाकून निवांत ओढत न्यायची असते. सहा हजारांपर्यंत किंचाळवायची हौस असेल तर सरळ एमएक्स-५ च घ्या ना राव!

उगाच आपलं
पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या. एकीचं इंजिन बदललं म्हणून इतिहास बुडत नाही. चालू द्या. (पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

रिंगमास्तर
दोघेही न मोजता निकाल देताहेत. मी मशीनिंगच्या बाजूचा माणूस, त्यामुळे जरा लांबण लावतो.

पहिलं, धूर. पाय काढून पुन्हा दिल्यावर येणारा धूर बहुतेक वेळा व्हॉल्व्ह गाइडचा (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) असतो. पाय काढल्यावर मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम वाढतो आणि ऑइल गाइडमधून खाली ओढलं जातं. रिंगांचा धूर लोडवर, चढावर दिसतो. तुमच्याकडे दोन्ही आजार असू शकतात, पण एकाचं खापर दुसऱ्यावर फोडू नका.

दुसरं, प्रेशर. आधी दुसरा खात्रीचा गेज लावा. मग रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं ऑइल प्रेशर सोडणारा) आणि त्याची स्प्रिंग, मग पंप. हे सगळं ठीक निघालं तरच बेअरिंगवर या. या क्रमाने गेलं नाही तर लोक निष्कारण क्रँक ग्राइंड करून बसतात. तुमची गाडी ६७ ची, म्हणजे पाच मेन बेअरिंगवाला (क्रँक पाच ठिकाणी पेलणारा) ब्लॉक असायला हवा. १९६४ अखेरपर्यंत तीनच होते. हा तळ दणकट आहे, टाकून देण्यासारखा मुळीच नाही.

आता बोअर. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली, दोन्ही दिशांना मोजा. वरच्या टोकाला नखाला लागेल असा काठ तयार झाला असेल, तर नुसत्या रिंगा टाकून भागवायचा विचार सोडा. नवी वरची रिंग त्या काठावर आदळते आणि तुटते. ओव्हरसाइज पिस्टन ६० थाउपर्यंत (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मिळतात, म्हणजे बोअर जेमतेम दीड मिमीने वाढतो आणि इंजिन १८६८ सीसी होतं. ब्लॉक आधीच साठवर असेल तर स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरमध्ये नवी नळी बसवणं. आणि कृपा करून पिस्टन आधी हातात घ्या, ते मोजा, मगच बोअर करायला द्या.

हेडला प्रेशर टेस्ट हवीच. या हेडला व्हॉल्व्ह ज्यांवर टेकतात त्या सीटांच्या मधल्या भिंतीत तडे जातात. एक्झॉस्टला कडक सीट बसवून घ्या. पूर्वी पेट्रोलमधलं शिसं सीट सांभाळायचं, ब्रिटनमध्येही ते २००० सालापासून पंपावर नाही.

इंजिन बदलण्याबद्दल एवढंच: दुसरं इंजिन मिळवणं हा त्यातला सोपा भाग. गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, जास्त प्रेशरचा फ्युएल पंप, रिटर्न लाइन, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), रेडिएटर, एक्झॉस्ट... यादी संपत नाही. अर्ध्यात अडकलेल्या अशा गाड्या मी पूर्ण झालेल्यांपेक्षा जास्त पाहिल्यात.

सोळा व्हॉल्व्ह
रिंगमास्तर, प्रतिसाद आवडला, पण एक गोष्ट तुम्ही अलगद टाळलीत. कॅम आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट आणि त्याच्या लोबवर (उंचवट्यांवर) घासणारे भाग. बाजारात मिळणाऱ्या नव्या टॅपेटचा दर्जा बेभरवशाचा आहे. मऊ निघाले तर थोडं चालल्यावर कॅमचे लोब खाल्ले जातात आणि त्याचा कीस नव्याकोऱ्या बेअरिंगमध्ये जातो. कारखान्यात जुळलेलं, कॉम्प्रेशन तपासून घेतलेलं वापरलेलं इंजिन यापेक्षा कमी जोखमीचं नाही का? तुमच्या पूर्ण कामाची किंमत शेवटी लेथवरच्या माणसाच्या हातावर ठरते.

रिंगमास्तर
टॅपेटचा मुद्दा खरा आहे. म्हणून कॅम आणि टॅपेट एकाच ठिकाणाहून, जोडीने घ्यायचे, कडकपणा तपासून. बसवताना असेंब्ली पेस्ट सढळ हाताने, ऑइल जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं. प्लग काढून सेल्फवर प्रेशर आणा, मगच स्टार्ट. स्टार्ट झाल्याबरोबर २००० ते २५०० वर वीस मिनिटं, तोवर आयडल अजिबात नाही. आयडलला लोबवर ऑइल नीट उडत नाही, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

हाताचं म्हणाल, तर तुमचं ईसीयूचं वायरिंगही कोणाच्या तरी हातानेच होणार आहे.

मूळपुरुष
+१. आणि काहीही ठरो, मूळ ब्लॉक भंगारात देऊ नका. नंबराची पट्टी त्याच्यावर आहे. ग्रीस लावून, झाकून ठेवा.

गॅरेजवासी
आभार. धुराचं निदान मला पटलं. आधी गेज आणि रिलीफ व्हॉल्व्ह, मग हेड उतरवून बोअर मोजतो. साठच्या आत भागत असेल तर पूर्ण काम, नव्या गाइड आणि सीटांसकट. ब्लॉकला तडा निघाला तर दुसरा बी-सिरीज ब्लॉक शोधेन. सोळा व्हॉल्व्ह, तुमचा टॅपेटचा मुद्दा डोक्यात ठेवलाय, पण एमएक्स-५ नाही.

सोळा व्हॉल्व्ह
हरकत नाही. पण इंजिन बाहेर काढताना गिअरबॉक्स सोबत काढता येतोच. मग निदान पाच गिअरचा बॉक्स तरी टाका. तुमच्या सालच्या बॉक्सला पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर अलगद पडू देणारी यंत्रणा) असण्याची शक्यता कमीच.

मूळपुरुष
ओव्हरड्राइव्ह (टॉपच्याही वरचा जादा गिअर) आहे का ते आधी विचारा त्यांना!