चढावर चेन घसरते, मागच्या चाकातून टिकटिक येते: नेमकं काय झिजलंय?

पांझराकाठ:
राम राम मंडळी. धुळ्यात चालवतो. रोड बाईक, ११ स्पीड, कॅसेट (मागच्या चक्र्यांचा गठ्ठा) ११ ते २८ दातांची, रिम ब्रेक, आजवर ९,००० किमी. गेल्या आठवड्यात चेन पहिल्यांदाच बदलली. तेव्हापासून लळिंग घाटात उभं राहून जोर लावला की १५ आणि १७ दातांच्या चक्रीवर चेन कटकन घसरते. २५-२८ वर काहीच होत नाही. शिवाय मागून टिकटिक येते आणि चाकाला थोडा आउट आहे, म्हणजे फिरताना रिम बाजूला डुलते. दुकानातून सांगितलं, फ्रीहब (कॅसेट ज्यावर बसते तो हबचा एकाच दिशेने पकडणारा भाग) गेला, अख्खं चाकच बदला. पैसे घालण्याआधी घरी काय काय तपासू?

सातपुडा_५०:
चाक आत्ता अजिबात घेऊ नका. फ्रीहबची कुत्री (आतले पकडणारे खटके) सुटत असती तर पॅडल सगळ्याच गिअरमध्ये रिकामं गेलं असतं. तुमची चेन फक्त १५ आणि १७ वर घसरते, म्हणजे त्या दोन चक्र्यांचे दात खाल्ले गेलेत. सपाटीवर सगळ्यात जास्त वापर त्यांचाच होतो, आणि २५-२८ वर जास्त दात मिळून भार वाटून घेतात.

नवी चेन टाकल्यावरच का घसरायला लागली? चेन 'लांबते' म्हणजे पट्ट्या ताणल्या जात नाहीत, पिना आणि त्यांची घरं झिजतात. पिनांमधलं अंतर वाढत जातं तसे दातही त्या वाढलेल्या अंतराला साजेसे झिजतात. जुनी जोडी एकमेकांना सांभाळून घेत होती. नव्या चेनचे रोलर त्या दातांच्या मुळाशी बसत नाहीत आणि जोर आला की वर चढतात.

जुनी चेन फेकली नसेल तर स्टीलची पट्टी घ्या. चेन ताणून धरा, एका पिनेचा मध्य शून्यावर ठेवा. १२ इंचांवर पिनेचा मध्य बरोबर यायला हवा. १/१६ इंच पुढे गेला तर ११ स्पीडची चेन तेव्हाच बदलायची होती. १/८ गेला असेल तर कॅसेट गेलीच समजा, आणि पुढच्या चेनरिंगचे (पॅडलजवळच्या मोठ्या चक्रीचे) दातही बघा.

फ्रीहबची खात्रीही करून घ्या. मागचा ब्रेक घट्ट दाबून पॅडलवर हळूहळू जोर द्या, क्रँक थोडा थोडा फिरवून सात-आठ ठिकाणी. कॅसेट जागच्या जागी फिरली तर फ्रीहब, चेन दातावर चढली तर कॅसेट. कॅसेट हाताने किंचित हलते, त्याला घाबरू नका, तेवढा ढिलेपणा असतोच.

केळीपट्टा:
एक राहिलं. नव्या चेनची जोडाची कडी आखडली असेल तरी घसरते, पण मग ती ठरावीक अंतराने घसरते. पॅडल उलटं हळू फिरवा आणि चेन मागच्या डिरेलरच्या (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेच्या) छोट्या चाकांवरून जाताना बघा. आखडलेली कडी तिथे टुणकन उडते.

तापीपार:
टिकटिकचं कारण वेगळं असणार. आधी ती मोजा. ७००×२५ टायरचा घेर साधारण २.१ मीटर, म्हणजे ताशी ३० किमीला चाकाचे सेकंदाला चार फेरे होतात. पॅडलचे मिनिटाला ९० च्या लयीतही दीडच. सेकंदाला चार टिका येत असतील आणि पॅडल थांबवल्यावरही चालू राहत असतील तर चाकात शोधा.

शेजारचे दोन-दोन आरे मुठीत दाबत चाकभर फिरा. मागच्या चाकात उजवीकडचे आरे मुळातच जास्त ताणलेले असतात, तेव्हा डाव्याची तुलना डाव्याशीच करा. ढिला आरा लगेच हाताला लागतो. आरा तुटतो तो बहुधा हबजवळच्या वाकणात, म्हणून तिथे बारीक तडा दिसतो का ते बॅटरी मारून बघा. मग क्विक रिलीज (चाक धरून ठेवणारा खटका) आवळून रिम आडवी हलवा. खटखट जाणवली तर हबमधला कोन (बेअरिंग दाबून धरणारा नट) ढिला किंवा बेअरिंग गेलेलं.

रिम ब्रेक आहे म्हणून कळकळीने सांगतो, ब्रेक घासतो त्या पट्टीवर स्टीलची पट्टी उभी धरून उजेडात बघा. मधे खोलगट फट दिसली किंवा झिजेची खूण पुसली गेली असेल तर मात्र रिम बदलाच. पातळ झालेली भिंत टायरच्या हवेच्या दाबाने फाटते. आपल्याकडे पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल ब्रेकपॅडला चिकटतो आणि रिम कानशीसारखी घासत राहतो. पॅडमध्ये रुतलेले चमकणारे कण सुईने काढून टाका.

पांझराकाठ:
तपासलं. जुनी चेन १/८ इंचाला थोडी कमी. ब्रेक दाबून बघितलं, फ्रीहब पकडतो, चेन १५ वर चढते. कडी मोकळी आहे. टिकटिक पॅडल थांबवूनही येते. डावीकडचे तीन आरे ढिले, त्याच जागी रिम उजवीकडे गेलेली. तडा नाही, हब घट्ट, रिमवरची खूण शाबूत.

सातपुडा_५०:
मग कॅसेटच बदला, आठवड्याची चेन तशीच राहू द्या. लॉकरिंग (कॅसेट धरून ठेवणारी बाहेरची चकती) ४० न्यूटन-मीटरला आवळा. जुनी कॅसेट काढताना अडकली तर ॲल्युमिनियमच्या फ्रीहबवर चक्र्यांनी खाचा पाडल्यात असं समजा. वर आलेली धार बारीक कानशीने काढा, जास्त घासू नका.

तापीपार:
ते तीन आरे रिमजवळच्या निपलने (आऱ्याच्या टोकाच्या नटाने) एका वेळी पाव फेराच आवळा, टायरच्या बाजूने बघितलं तर घड्याळाच्या दिशेने. दर वेळी चाक फिरवून ब्रेकपॅडशी फट बघा. आउट निघाला की जोड्या मुठीत दाबून आरे बसवा आणि पुन्हा बघा, बऱ्याचदा थोडा आउट परत येतो.